दख्खनच्या कातळावर संशोधन संपले काय?

महाराष्ट्रात भूशास्त्राची पदवी घेऊन एम.एस्सी.ला येणाऱ्या विद्यार्थ्याला एक सल्ला हमखास मिळतो: पदवी इथे घे, स्पर्धा परीक्षांची तयारी इथे कर, पण संशोधन करायचे मनात असेल तर हिमालय गाठ, नाहीतर परदेश. इथे जिकडेतिकडे एकच काळा दगड. त्यावर करण्यासारखे जे होते ते कधीच होऊन गेले. हा सल्ला नातेवाइकांकडून येतो, शिकवणी घेणाऱ्यांकडून येतो आणि खेदाची गोष्ट अशी की विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांतूनही येतो. देणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्याचे भले असते, याविषयी मला शंका नाही. तरीही हा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. या सल्ल्यामुळे आपल्या विद्यापीठांचे आणि त्यांच्या आसपासच्या गावांचे खरेखुरे नुकसान होत आले आहे, असे मी मानतो.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. महाराष्ट्राच्या भूभागापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे. लाव्हाचा एक प्रवाह, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. महाबळेश्वरच्या पठारावरचा तुकडा आणि परभणीच्या शिवारातला तुकडा शेजारी ठेवला तर नुसत्या डोळ्यांना फरक सांगता येत नाही. हिमालयातल्या घड्या, प्रस्तरभंग आणि रूपांतरित खडक इथे नाहीत. थरांची जी क्रमवारी लावायची होती ती १९८०च्या दशकात लागली. ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर आणि मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव यांच्या पिढीने सह्याद्रीचा ढीग जव्हार, इगतपुरी, नेरळपासून पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळ्यापर्यंतच्या शैलसमूहांत विभागून दाखवला. १९८८ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने दख्खनच्या बेसॉल्टवर मोठा ग्रंथही काढला. आता उरलेले काम खडकाचे वय काढण्याचे, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरचे; आणि ते यंत्र राज्याच्या विद्यापीठांतल्या विभागांच्या आवाक्याबाहेरचे. त्यातच प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, शिकवणारे अनेक जण तासिका तत्त्वावर, फेलोशिपचे पैसे वेळेवर नाहीत. अशा ठिकाणी कोणी शहाण्याने आयुष्याची पाच वर्षे का घालवावी?

यातला शेवटचा भाग खरा आहे. त्याकडे मी पुढे येतोच. पण ‘एकच दगड’ आणि ‘होऊन गेले’ ही दोन विधाने तपासण्यासारखी आहेत, कारण सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे.

‘एकच दगड’ हे विधान डोळ्यांपुरते खरे आहे. कॉक्स, हूपर, सुब्बाराव यांच्या ज्या कामाचा दाखला पूर्वपक्ष देतो, त्याच कामाने ते विधान मोडीत काढले आहे, ही यातली विशेष गोष्ट. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटातला बेसॉल्ट आणि त्याच्याही खाली येणारा बुशे शैलसमूहाचा बेसॉल्ट दिसायला जुळे भाऊ आहेत. पण स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहिले की कळते, बुशेचा शिलारस वर येताना भूकवचातल्या जुन्या खडकांना पचवत आला आणि आंबेनळीचा शिलारस जवळजवळ निर्मळ आला. वेगवेगळ्या शैलसमूहांची नावे ठरली ती अशा फरकांवर. जमिनीखाली काय घडत होते याची नोंद दगडाच्या रसायनात आहे, आणि ती नोंद दर प्रवाहाला बदलते. डोळ्यांना दिसणारे फरकही काही कमी नाहीत. मंचर, गिरवली, कशेळे या गावांच्या नावांनी ओळखले जाणारे काही थर असे आहेत की त्यांत प्लॅजिओक्लेजचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे टपोरे स्फटिक विखुरलेले असतात. एरवी सारख्याच दिसणाऱ्या ढिगात आपण नेमके कुठल्या पातळीवर उभे आहोत हे सांगणाऱ्या या खुणा आहेत, आणि त्यांचा माग काढण्यात पुण्याच्या भूशास्त्रज्ञांनी मोलाची भर घातली. अभियांत्रिकी महाविद्यालयातले आर. बी. गुपते आणि त्यांचे समकालीन १९७०च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत दख्खनवर लिहीत होते. त्यासाठी लागलेले भांडवल म्हणजे घाटरस्ते, बोगदे, धरणांचे पाये आणि ते रोज पाहणारे डोळे.

तीसेक वर्षांनी पुन्हा तेच घडले. हवाई बेटांवर जिवंत लाव्हा जसा फुगत, फुटत, पसरत जातो, तसे आकार दख्खनच्या प्रवाहांत आहेत का, हा प्रश्न घेऊन पुण्यात घडलेल्या तरुण संशोधकांचा एक गट खाणी आणि घाट पालथे घालू लागला. वर्षानुवर्षे ‘थर’ म्हणून मोजल्या गेलेल्या गोष्टी कित्येक ठिकाणी लहान लहान लोळांच्या राशी निघाल्या. इथला लाव्हा पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे वेगवेगळ्या रीतीने वाहिला, उद्रेकाची गती सगळीकडे सारखी नव्हती, असे मुद्दे त्यातून पुढे आले. या कामाला हातोडा, टेप, वही, कॅमेरा आणि चिकाटी लागली. जे ‘होऊन गेले’ असे सांगितले जात होते, ते अजून नीट पाहिलेच गेले नव्हते.

आता ‘होऊन गेले’ या दुसऱ्या विधानाकडे वळतो. २०१९च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनवरचे दोन निबंध आले. एक प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाचा, दुसरा बर्कलेच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या गटाचा. दोघांचा प्रश्न एकच: साडेसहा कोटी वर्षांहून थोड्या आधी डायनोसॉर संपले, तेव्हा दख्खनचा किती लाव्हा वाहून झाला होता? पहिल्या गटाने प्रवाहांच्या मधल्या थरांत सापडणारे झिरकॉनचे कण युरेनियम-शिसे पद्धतीने मोजले आणि चार उधाणे सांगितली. त्यातले एक मेक्सिकोत अशनी आदळण्याच्या अगदी आधीचे. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमधले प्लॅजिओक्लेज आर्गॉन पद्धतीने मोजले आणि लाव्हाचा पाऊण हिस्सा त्या आघातानंतरचा असल्याचे म्हटले. एकच सह्याद्री, जगातल्या दोन उत्तम प्रयोगशाळा, आणि निष्कर्षांत इतके अंतर. मतभेदाचा काही भाग कालमापनाच्या पद्धतींचा आहे, तो त्या प्रयोगशाळा सोडवतील. पण एक भाग तसा नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे तो हाच. ‘किती लाव्हा आधी, किती नंतर’ हे सांगायचे तर प्रत्येक शैलसमूहाचे आकारमान कळले पाहिजे. म्हणजे तो कुठवर पसरला आणि कुठे किती जाड आहे हे कळले पाहिजे. घाटमाथ्यावर ते बऱ्यापैकी माहीत आहे, कारण तिथे हजार-बाराशे मीटरचा उभा छेद निसर्गानेच कापून ठेवला आहे. पूर्वेकडे सरकले की जमीन सपाट होते, छेद आखूड होतात आणि सह्याद्रीतली नावे मराठवाड्यात, विदर्भात, माळव्यात लागू पडतात की नाही यावर तज्ज्ञांत एकमत उरत नाही. दख्खनचे क्षेत्रफळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. त्यातला ज्याचा छेद उत्तम आहे तो सह्याद्रीचा पट्टा एकूण क्षेत्राच्या मानाने लहान आहे. न सुटलेला प्रश्न ज्या जमिनीत आहे त्या जमिनीवर नांदेड, सोलापूर आणि अमरावतीची विद्यापीठे उभी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी भूशास्त्र शिकवले जाते.

प्रिन्स्टन आणि बर्कलेचे संशोधक इथे येतात ते हिवाळ्यातले काही आठवडे. त्यांचे काम थोर आहे, त्याविषयी मनात आदरच आहे. पण विहिरींच्या भिंती, नव्या कालव्यांचे छेद, खाणींचे उघडे पडलेले तळ आणि बोअरच्या वेळी वर येणारा चुरा वर्षभर पाहत राहणे त्यांना शक्य नाही. ते जवळच्या विद्यापीठालाच शक्य आहे. वयाचा आकडा कितीही अचूक असो, नमुना ढिगाच्या कोणत्या पातळीवरून उचलला हे पक्के नसेल तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. कालमापनाच्या सुविधा देशात आहेत: मुंबईच्या आयआयटीत, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात. नमुना टपालानेही जाऊ शकतो. मोजणीमागचा नकाशा मात्र पायी फिरूनच करावा लागतो.

या खडकाच्या वयाइतकेच त्याच्या खाली काय आहे हेही महत्त्वाचे आहे. कोयना धरणात १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर कोसळले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. तोवर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जाई. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासण्यासाठी कोयनेसारखी जागा जगात क्वचितच असेल, कारण लहानशा टापूत अजूनही भूकंप होत आहेत. म्हणून केंद्र सरकारने कराडला विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा उभारली आणि सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर खणले. बेसॉल्ट तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि पुढे ग्रॅनाइटी पाया लागतो. किल्लारीची गोष्ट अधिक बोलकी आहे. ३० सप्टेंबर १९९३ला भूकंप झाला तेव्हा तो भाग त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता. सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे मेली. २००२च्या सुधारित नकाशातून पहिला विभागच काढून टाकला गेला. ‘एकच दगड’ म्हणून ज्याची बोळवण होते तो बेसॉल्ट एका फार जुन्या, भेगाळलेल्या पायावरचे झाकण आहे, आणि त्या पायातले प्रस्तरभंग कुठून कुठे जातात हे आपल्याला अजून पुरते माहीत नाही. किल्लारीच्या आधी मराठवाड्यात कोणी पायाचा अभ्यास करू म्हणाला असता तर त्यालाही हिमालयाचीच वाट दाखवली गेली असती.

तरी माझ्या मते सगळ्यात मोठा, सगळ्यात निकडीचा आणि संशोधक म्हणून सगळ्यात आव्हानाचा विषय पाणी हा आहे. भूजलाची पाठ्यपुस्तके मुख्यतः गाळाच्या आणि वालुकाश्मांच्या प्रदेशांत लिहिली गेली. चार्ल्स थाइस यांनी १९३५ साली विहिरीच्या उपशाचे जे सूत्र दिले, त्यात जलधर अमर्याद पसरलेला आणि सगळीकडे सारखा आहे असे गृहीत आहे. बेसॉल्टच्या शिवारात यातले काहीच खरे नसते. घट्ट कातळात पाणी फक्त भेगांतून फिरते. त्यावरचा सच्छिद्र भाग, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, तो थोडा उदार. वर मुरूम. दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर आला तर पाणी खाली उतरायचे थांबते आणि डोंगराच्या कडेला झरा फुटतो. एका बांधावरची विहीर मार्चपर्यंत टिकते, शेजारची डिसेंबरात आटते, आणि कारण जमिनीखालच्या प्रवाहाच्या एखाद्या कडेत असते. त्यातच आपल्या विहिरी मोठ्या व्यासाच्या. उपसताना आधी विहिरीतलेच पाणी निघते, खडकाचे नंतर. या अडचणीसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली वेगळे गणित मांडले. खुद्द खडकाचे वर्तन मात्र प्रत्येक शिवारात नव्याने मोजावे लागते.

मोजले नाही तर काय होते ते पाहा. भूजलाचा ताळेबंद मांडताना, प्रत्यक्ष चाचणीचा आकडा नसेल तर देशभर वापरायचे ठरीव प्रमाण असे: भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टची विशिष्ट निथळ दोन टक्के धरावी, आणि ती एक ते तीनच्या दरम्यान असू शकते. म्हणजे शंभर घनमीटर खडक निथळला तर सुमारे दोन घनमीटर पाणी हाती येते. वालुकामय गाळात हेच प्रमाण सोळाच्या आसपास जाते. आता गावाच्या ताळेबंदात एकऐवजी तीन धरले तर आहे त्याच्या तिप्पट पाणी कागदावर दिसते, आणि त्या कागदावर विसंबून ऊस लावला जातो, नव्या विहिरींना मंजुरी मिळते. एखाद्या गावातल्या दहा-पंधरा विहिरींवर उपसा आणि भरणीच्या चाचण्या घेऊन त्या शिवाराची खरी निथळ काढणे हा एम.एस्सी.च्या प्रबंधाला पुरेसा विषय आहे. तालुकाभर तेच काम खडकांच्या नकाशाला जोडून केले तर पीएच.डी.ला पुरून उरेल. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळाच्या काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली, २००९ साली भूजलाचा कायदा केला. पुण्यात अक्वाडॅमसारखी संस्था गावकऱ्यांना हाताशी धरून जलधरांचे नकाशे करते. सरकारी भूजल यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या कित्येक दशकांच्या नोंदी आहेत. कायदा आहे, नोंदी आहेत, गरज तर घरोघर आहे. त्या नोंदींना प्रवाहाप्रवाहाच्या नकाशाची जोड देणारे हात कमी आहेत, आणि ते हात घडवणे हे विद्यापीठाचे काम आहे. इथे संशोधनाला विषय नाही असे म्हणणाऱ्याने मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते विधान करून पाहावे.

घाटातल्या दरडींबद्दलही हेच म्हणता येईल. ३० जुलै २०१४ला माळीणमध्ये १५१ माणसे गाडली गेली; २०२१च्या जुलैत महाडजवळ तळिये, २०२३च्या जुलैत इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी पावसाळा, तिन्ही ठिकाणी बेसॉल्टच्या उतारावरची माती आणि मुरूम. कोणता उतार किती पावसाला सुटेल हे कळायला त्या उतारावर पावसाळ्यात उभे राहावे लागते.

इथल्या खडकांत जीवाश्म नाहीत, असाही एक आक्षेप ऐकू येतो. त्याचे उत्तर लवकर देता येते. नागपूरजवळ ताकळीच्या थरांत स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जीवाश्म गोळा केले. त्याच सुमारास मुंबईत वरळीच्या थरांतल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ साली केले. आणि २००५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत मिळणाऱ्या, डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळले. गवत डायनोसॉर संपल्यानंतरचे, असे तोवर समजले जाई. वरोऱ्याजवळच्या एका गावाने जगभरची ती समजूत बदलली. तो शोध लखनौच्या आणि परदेशातल्या संशोधकांच्या हातून लागला. शोध कोणाच्याही हातून लागो, आनंदच आहे. पण पिसदुऱ्यापासून नागपूरचा भूशास्त्र विभाग किती जवळ आहे हे नकाशात पाहिल्यावर हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

वयाच्या वादांचे म्हणाल तर दोन उदाहरणे पुरेत. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले हे १९७३ साली पक्के झाले. बेसॉल्टमध्ये झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि इतके सुस्थितीतले असे विवर दुर्मीळ असल्याने मंगळाच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारेही तिथे येतात. त्याचे वय एका पद्धतीने ५२ हजार वर्षे आले आणि २०११ साली आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक. जुन्नर भागात कुकडीच्या काठी बोरी येथे आदिमानवाची हत्यारे ज्वालामुखीच्या राखेसोबत मिळतात. ती राख सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीची असे १९८९ साली मांडले गेले, मग पावणेसात लाख म्हटले गेले, आणि पुढे ती इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची, जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची, असे भूरासायनिक पुराव्यावरून सांगण्यात आले. भारतात माणूस केव्हापासून वावरतो या प्रश्नाचे उत्तर या राखेवर काही अंशी अवलंबून आहे. नदीने राख पुन्हा वाहून आणली की ती मूळ जागीच पडली, हे ठरवणे निक्षेपशास्त्राचे काम, आणि त्याला कुकडीचा काठ इंचाइंचाने माहीत असावा लागतो.

आणखी एक विषय नवा आहे म्हणून सांगतो. आइसलंडमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला, तर त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. दख्खनच्या प्रचंड बेसॉल्टकडे तेव्हापासून जगाचे लक्ष वाढले आहे. पण आइसलंडचा खडक तरुण, काचमय आणि पोकळ. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्याच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ यांनी भरलेल्या. वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळे कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत गेले ते याच पोकळ्यांतून. म्हणजे ज्या खनिजांमुळे आपल्या खाणी प्रसिद्ध झाल्या त्यांनीच वायू साठवायची जागा अडवली असण्याची शक्यता आहे. कोणत्या शैलसमूहात किती पोकळी उरली आहे, याचे उत्तर प्रवाहाप्रवाहाने द्यावे लागेल. ते देण्याआधी मोठ्या योजनांच्या घोषणा होऊ लागल्या तर त्यांना थांबवणारा आकडाही विद्यापीठाकडूनच यायला हवा.

आता मान्य करायच्या गोष्टींकडे येतो. रिकाम्या जागा हा पूर्वपक्षाचा खरा मुद्दा आहे. चार जणांचे काम एक जण करत असेल, आणि तोही तासाच्या हिशेबाने, तर विद्यार्थ्याबरोबर शिवारात जायला त्याला सवड कुठून मिळणार? नेट परीक्षेतून आलेल्या कनिष्ठ संशोधन फेलोला २०२३पासून महिना ३७ हजार रुपये मंजूर आहेत. ते वेळेवर मिळत नसतील तर मंजुरीला अर्थ नाही. खडकाचे पातळ छेद करणारा चांगला कारागीर निवृत्त झाला की विभागातले सूक्ष्मदर्शक धूळ खातात. या तक्रारी मी शब्दशः मान्य करतो. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष ‘जागा भरा, पैसे वेळेवर द्या’ असा आहे. ‘इथे विषय नाही’ हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. पूर्वपक्षाने दोन्हींची गल्लत केली आहे, आणि ही गल्लत निर्दोष नाही. विषयच नाही असे एकदा म्हटले की जागा भरण्याचा आग्रह धरायचे कारणही उरत नाही. विभाग ओस पडत जातो आणि तो ओस पडलेला दाखवून पुन्हा तेच म्हणता येते.

नोकरीच्या भीतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती बऱ्याच अंशी माहितीच्या अभावातून येते. संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी माणसे निवडते. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे. विदर्भात मँगनीज आणि कोळसा, गडचिरोलीत लोहखनिज, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र. बोगद्यांची आणि मेट्रोची कामे अभियांत्रिकी भूशास्त्राशिवाय पुढे जात नाहीत. या सगळ्या ठिकाणी खडक वाचता येणारा माणूस हवा असतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन-प्रकल्प आणि क्षेत्रकार्य यांना श्रेयांकांसह जागा दिली आहे. ही संधी इंटरनेटवरून जमवलेल्या माहितीच्या वह्यांत वाया जाऊ नये. विभागांनी एकच गोष्ट केली तरी पुरे: दरवर्षीच्या तुकडीला जिल्ह्यातला एक तालुका वाटून द्यायचा आणि आधीच्या तुकडीचे नकाशे, विहिरींच्या नोंदी, नमुने पुढच्या तुकडीच्या हाती सोपवायचे. दहा वर्षांत असा संग्रह तयार होईल की प्रिन्स्टनला तो मागून घ्यावा लागेल. आज बहुतेक प्रबंध कपाटात जातात आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

हिमालयात जाऊ नका, परदेशात जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जा, शिका, मोठी यंत्रे हाताळा. पण या वर्षी एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्याला एक विनंती आहे. विषय ठरवण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरून आपल्या तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशा उतरवून घ्या, तो घेऊन पावसाळ्यानंतर आपल्याच शिवारात हिंडा, विहिरींत डोकावा, आणि नकाशाशी न जुळणारे जे दिसेल ते लिहून मार्गदर्शकासमोर ठेवा. मार्गदर्शकांना विनंती अशी की त्या विद्यार्थ्याला दुसरीकडचा विषय सुचवण्याआधी त्याच्याबरोबर एकदा त्या विहिरीपाशी जाऊन या.